अडीच गुणांचा हिशोब

नाव छापू नका, अशी विनंती करून एका मुलीने चार पानी पत्र पाठवलंय. त्यातला कामाचा भाग असा :

“मॅडम, मी तीस वर्षांची आहे. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव. मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलं आणि एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी पुण्यात आले, त्याला सहा वर्षं झाली. सदाशिव पेठेत आम्ही चौघी कॉट बेसिसवर राहतो. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, म्हणजे पास झाले, मुख्य दिली, पण मुलाखतीच्या यादीत नाव आलं नाही. 2023 ची पूर्व अडीच गुणांनी गेली. 2025 चीही निघाली नाही. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, पर्याय निवडण्याऐवजी मोठी उत्तरं लिहायची, म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. भाऊ दर महिन्याला पैसे पाठवतो. सप्टेंबरच्या पुरात आमचं सोयाबीन गेलं, तरी त्याने एकही महिना चुकवला नाही. सोडायचं म्हटलं की ही सहा वर्षं डोळ्यांसमोर येतात. घरी परत गेले की लग्न. घरचे तेवढ्यासाठीच थांबलेत. अजून दोन वर्षं द्यावीत, की सोडून द्यावं? चिकाटी ठेव असं सगळे सांगतात, कुठपर्यंत ते कुणी सांगत नाही. कधी कधी वाटतं, नकोच काही.”

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं थांबू शकतं. ‘नकोच काही’ हे अभ्यासाबद्दल लिहिलं असशील तर पुढे वाच. जगण्याबद्दल लिहिलं असशील, तर हे बाजूला ठेव आणि 14416 ला फोन लाव. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही चालतं. आणि खोलीतल्या तिघींपैकी एकीला तरी आजच सांग. निकाल लागला की बघू, असं यात करायचं नसतं.

आता परीक्षेकडे.

माझी सगळी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे तुझ्या पत्रातल्या अडीच गुणांपाशी मी थांबलेच. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला 100 प्रश्न आणि 200 गुण. उत्तर बरोबर आलं तर दोन गुण, चुकलं तर चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, कापला जातो. तेव्हा अडीच गुण हा बरोब्बर एका प्रश्नाचा फरक झाला. एक गोल वेगळा काळा केला असतास, तर त्या वर्षी तू मुख्य परीक्षेला बसली असतीस. तो गोल कुठला, हेही तू शोधून काढलं असशील. सगळेच काढतात.

पण बाकीच्या गोलांकडेही बघ. पेपरात वीसेक प्रश्न असे असतातच, की चारातले दोन पर्याय उडवता येतात आणि उरलेल्या दोनांत मन हेलकावे खातं. असे वीस प्रश्न सोडवले आणि निम्मे बरोबर आले, तर त्यातून पंधरा गुण मिळतात. दहाऐवजी आठच बरोबर आले तर दहा गुण, बारा आले तर वीस. आठ, दहा की बारा, हे ठरण्यात तुझ्या अभ्यासाचा फारसा हात नसतो. अंदाजच तो, कधी लागतो कधी नाही. म्हणजे पाच गुण इकडे किंवा तिकडे, ही या पेपरची नेहमीची डोलणी आहे.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लाव. अडीच गुणांनी गेलीस म्हणून तू कमी पडलीस, असं सिद्ध होत नाही. आणि अडीच गुणांनीच गेलीस म्हणून ‘पुढच्या खेपेला नक्की’, असंही होत नाही. हे दुसरं वाक्य तुला खोलीत, अभ्यासिकेत, खानावळीत सगळ्यांनी सांगितलं असणार. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, गणित कच्चं असतं. कट ऑफच्या आसपास उमेदवारांची सगळ्यात जास्त दाटी असते. तुझ्यासारख्याच ‘थोडक्यात हुकलेल्या’ हजारो जणी पुढच्या वर्षी त्याच रेषेशी पुन्हा उभ्या असतात, आणि ती रेषाही जागची हललेली असते.

आणखी एक हिशोब कर. समज, दर खेपेला निवड होण्याची शक्यता दहात एक आहे. (हे मी उदार हाताने धरतेय. पूर्वपरीक्षेला उमेदवार लाखांनी असतात, जागा शेकड्यांनी.) पाच वेळा प्रयत्न केला, तर एकदा तरी निवड होण्याची शक्यता 41 टक्के येते. म्हणजे मन लावून अभ्यास करणाऱ्या दहा जणींपैकी जवळजवळ सहा जणी पाच प्रयत्नांनंतरही रिकाम्या हाताने उठणार, कुणाची काहीही चूक नसताना. त्या सहा जणींचा फ्लेक्स पेठेत लागत नाही. लागतो तो आठव्या प्रयत्नात पोस्ट निघालेल्या एकाचा, फेटा बांधून. त्याचं कौतुकच आहे. पण त्याच्याकडे बघून आपण आठ वर्षं थांबायचं, हे तर्कात बसत नाही.

तुमच्याच पेठेत सी.ए.ची मुलं राहतात. त्यांचं उदाहरण तुला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेव. तिथे प्रत्येक पेपरात 40 टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के मिळवले की पास. जागा ठरलेल्या नाहीत. शेजारचा पास झाला म्हणून तुमचं काही जात नाही. अशा परीक्षेत वर्षागणिक थोडं थोडं सुधारत जाणारा माणूस शेवटी पोहोचतोच, म्हणून तिथे चिवटपणाला जास्त भाव आहे. राज्यसेवेत तू सुधारलीस आणि बाकीचेही तेवढेच सुधारले, तर तू जागच्या जागीच राहतेस.

मग कुठपर्यंत, या तुझ्या प्रश्नाला मी वर्षांत उत्तर देणार नाही. तुझ्या पत्रात कट ऑफ आहेत, तारखा आहेत, पेपरवार गुण आहेत. पण 2023 ची तयारी आणि 2024 ची तयारी यात काय वेगळं केलंस, याचं चार पानांत एक वाक्य नाही. मी दोनदा शोधलं. तीच पुस्तकं, तीच टेस्ट सिरीज, तोच ग्रुप, रिव्हिजन तेवढी एक जास्त. ज्या प्रयत्नातून तुला स्वतःबद्दल किंवा परीक्षेबद्दल नवं काही कळलं, तो प्रयत्न मोजायचा. नवं काही कळलं नाही, तर ते वर्ष प्रयत्नात धरायचं नाही; ते वाट पाहण्यात गेलं. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलीस, तेव्हा सुरुवातीची वर्षं खऱ्या प्रयत्नाची होती, यात मला शंका नाही. शेवटच्या दोन वर्षांबद्दल मात्र आहे.

यात तुझा एकटीचा दोष नाही. पुण्यात वाट पाहणं हे कामासारखंच दिसतं. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, चारला चहा, रात्री पुन्हा अभ्यासिका. माणूस दमून झोपतो. दमल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटतंच. त्यात परीक्षा पुढे जातात. 14 मार्च 2021 ची पूर्व तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा याच भागात मुलं रस्त्यावर उतरली आणि ती 21 मार्चला झाली. 2024 ची 25 ऑगस्टवरून 1 डिसेंबरला गेली. 2025 ची पुरामुळे 28 सप्टेंबरवरून 9 नोव्हेंबरला. प्रत्येक वेळी कारणं होती, दोनदा तर ‘तारीख पुढे ढकला’ हे मुलांचं म्हणणंही रास्त होतं. पण तारीख पुढे गेली की निर्णयही पुढे जातो, आणि असे काही आठवड्यांचे, काही महिन्यांचे तुकडे जोडून तिशी येते. वयाची अट तुला थांबवणार नाही, कारण खुल्या गटालाही आयोगाचं दार 38 पर्यंत उघडं आहे. आजूबाजूची दारं मात्र आधी लागतात. बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) व्हायचं तर खुल्या गटाला तीस, यूपीएससीला बत्तीस. उघडं असलेलं एकच दार बघत बसलं, की बाकीच्यांचा आवाज ऐकू येत नाही.

आता त्या सहा वर्षांबद्दल, जी डोळ्यांसमोर येतात. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीला दिली, काहींना न मागता सवलत दिली. नाटकं तीच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटक आवडतं म्हणून जावं, तर सवलतवाल्यांनाही ते तेवढंच आवडत असणार. फरक फक्त गेलेल्या पैशांचा होता. पुणेकराला हे सांगायला खरं तर ओहायो नको. बालगंधर्वला पहिला अंक रटाळ झाला, तरी ‘तिकीट काढलंय’ म्हणून दुसऱ्या अंकाला बसणारे आपण सगळेच. तुझी सहा वर्षं हे काढून झालेलं तिकीट आहे. तू बसलीस तरी ती गेली आणि उठलीस तरी गेली. तुझ्या हातात फक्त पुढची दोन आहेत.

तू रोज टिळक रस्ता ओलांडत असशील. ज्यांच्या नावाचे रस्ते, त्यांची चिकाटी आपण पोरांना सांगतो. त्यांनी काय काय सोडलं, ते सांगत नाही. टिळक 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत होते, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन. आयुष्य वाहायचं म्हणून उभी केलेली संस्था. सहकाऱ्यांशी तत्त्वावरून पटेना, तेव्हा 1890 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. दहा वर्षं ‘वाया’ गेली म्हणून ते तिथे थांबले नाहीत. आगरकरांनी त्याआधीच केसरीचं संपादकपद सोडून 1888 मध्ये सुधारक काढला होता. आणि फर्ग्युसनमध्ये टिळकांच्या जाण्याने गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली, तिथे 1891 मध्ये आले धोंडो केशव कर्वे. कर्व्यांनी 1893 मध्ये विधवाविवाहाच्या कामासाठी मंडळी स्थापन केली. नुसत्या विवाहांनी भागत नाही असं दिसल्यावर 1896 मध्ये आश्रम काढला, पुढे हिंगण्याला शाळा आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. हेतू एकच, पण दर टप्प्यावर रस्ता बदललेला. तू त्यांच्याइतकं मोठं काही करावंस असं मी म्हणत नाही, सकाळी सकाळी कुणाला ते झेपणार? एवढंच बघ, की टिळक सोसायटीतून बाहेर पडले तेव्हा केसरी त्यांच्यासमोर होता. रिकाम्या हाताने सोडणं आणि काहीतरी हातात धरून सोडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुझ्या हातात काय आहे?

एक तर संयुक्त परीक्षा. राज्यसेवेची मुख्य वर्णनात्मक झाली, पण गट-ब आणि गट-कची संयुक्त परीक्षा वस्तुनिष्ठच आहे. तू सहा वर्षं ज्या पद्धतीची तयारी केलीस, ती पद्धत तिथे अजून चालते. पत्रात तू ओझरतं लिहिलंयस की ‘कॉम्बाईनचे फॉर्म मी भरलेच नाहीत, क्लास वनच काढायची होती’. एसटीआय (राज्यकर निरीक्षक) किंवा एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) होऊन पुढे बढती घेतलेल्या, सुखाने नोकरी करणाऱ्या बाया भरपूर आहेत. हा फॉर्म न भरणं मला साफ नापसंत आहे.

दुसरं, नवी मुख्य परीक्षा. तिला घाबरून सोडू नकोस आणि तिच्यावर दोन वर्षंही लावू नकोस. आधी स्वस्तात चाचणी घे. नव्या रचनेत नऊ पेपर आहेत. मराठी-इंग्रजी पात्रतेपुरते, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन मिळून 1750 गुण, वर मुलाखतीचे 275. साचा यूपीएससीचाच आहे, म्हणून यूपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढ. सामान्य अध्ययनाचा एक पेपर म्हणजे तीन तासांत वीस उत्तरं. आठ आठवडे, दर रविवारी एक पेपर, हाताने, घड्याळ लावून. तपासायला अशी व्यक्ती गाठ, जिला तुझं मन राखायची गरज नाही. पहिल्या रविवारी वीसपैकी अकराच उत्तरं लिहून होतील, त्याचं काही नाही. आठव्या रविवारी किती होतात आणि तपासणारा काय म्हणतो, ते बघ. स्पष्ट चढ दिसला, तर नोकरी करत करत राज्यसेवेचा एक प्रयत्न द्यायला माझी हरकत नाही. चढ नसेल, तर या परीक्षेला तुझा नमस्कार. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिही आणि खोलीतल्या एकीला सांगून ठेव. निकालाच्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही. त्या दिवशी माणूस एक तर फार खचलेला असतो नाही तर फार फुगलेला.

‘नोकरी करत करत’ असं मी म्हटलं, कारण पूर्णवेळ दोन वर्षं देऊ नकोस, हे माझं ठाम मत आहे. आणि इथे तुझ्या पत्रातली खरी गाठ येते. परीक्षा सोडली की पुणं सुटणार, पुणं सुटलं की लग्न. मग तू परीक्षेला धरून बसलीयेस की पुण्याला? मला वाटतं, पुण्याला. त्यात गैर काहीच नाही. स्वतःची कॉट, स्वतःची चावी, कुठे गेली होतीस असं न विचारणारं शहर, हे सहज सोडवत नाही. पण त्याचं भाडं तू राज्यसेवेच्या फॉर्मने भरतेयस, ते पगाराने भर. मायक्रोबायॉलॉजीची पदवी आहे. औषधांच्या, खाद्यपदार्थांच्या, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांना तुझ्या विषयाची माणसं लागतात, आणि पिरंगुट, चाकण, भोसरी हा सगळा पट्टा कारखान्यांचा आहे. सुरुवातीचा पगार बेताचा असेल आणि शेजारी बावीस वर्षांची मुलगी बसेल. ते टोचेल. बायोडेटात सहा वर्षांच्या जागी ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ असं सरळ लिही. पुण्यात हे वाचून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. फक्त क्लासमध्ये शिकवायला लगेच जाऊ नकोस. पैसे बरे मिळतात, पण तू त्याच गल्लीत राहशील, आणि नवीन मुलांचा उत्साह बघून दर जूनला तुला वाटेल, अजून एकदा बसून बघू.

लग्नाचं उत्तर लग्नाच्या प्रश्नाला दे. करायचं नसेल तर नाही म्हण, नंतर करायचं असेल तर नंतर म्हण. पूर्वपरीक्षेआड ते लपवलंस, तर दर निकालाला दोन निकाल लागतात आणि तू कुठल्याला रडतेयस, हे तुलाच कळत नाही. पगार येऊ लागला की हे बोलणं थोडं सोपं जातं. पूर्ण सोपं होईल, असं खोटं आश्वासन मी देणार नाही.

भावाशी मात्र आत्ताच बोल. तो पैसे बंद करू शकत नाही, कारण आपण बंद केले म्हणून हिची पोस्ट गेली, हे ओझं त्याला नको असणार. तू थांबू शकत नाहीस, कारण त्याने सोयाबीन गेलेल्या वर्षीही पाठवले. दोघं एकमेकांसाठी थांबलायत. त्याला सांग, अमुक महिन्यापर्यंत निम्मे पाठव, त्यानंतर नको. कारण विचारेल, तर आठ रविवारांचं सांग. आणि त्याला नुकसानभरपाई मिळाली का, हेही विचार. पत्रात त्याचा उल्लेख पैसे पाठवणारा म्हणूनच येतो.

ताजा कलममध्ये तू विचारलंयस, की अभ्यासिकेचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेत, ते संपेपर्यंत जावं का. जा की. खुर्ची आहे, पंखा आहे, वायफाय आहे. रविवारचे पेपर तिथे लिही, कॉम्बाईनचा फॉर्म तिथून भर, आणि बायोडेटाही तिथेच कर. शेजारची वाकून बघेल, तिला बघू दे.